परभाषेंतील बोलपट आणि आमचें माजघर

बोलपटासारखा विषय आमच्यासारख्या सेवानिवृत्त शाळामास्तरानें हातीं घ्यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. आमचें नांव कोठें छापून आलेंच तर तें संधि-समासांच्या, फार तर मुलांच्या पाठांतराच्या आसपास यावें, अशीच आम्हांस ओळखणाऱ्यांची अपेक्षा असणार. शिवाय वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत, जपानी, इटालियन, फारशी असल्या एक अक्षरहि न कळणाऱ्या भाषेंतला बोलपट आम्हीं कधीं पाहिला नव्हता. ज्या वयांत लोक काशीरामेश्वराचे बेत करतात त्या वयांत आम्हीं हें व्यसन लावून घेतलें, आणि आज तें घरांतल्या नऊहि माणसांना लागलें आहे.

घडलें तें असें. तीन वर्षांपूर्वींचा श्रावण. पाऊस तीन दिवस लागून राहिलेला. कोणी बाहेर पडण्याचें नांव घेईना. आमच्या घरांत दूरचित्रवाणीचा पडदा एक आणि मतें नऊ. परंतु त्या शनिवारीं थोरल्या नातवानें पडद्याचा ताबा घेतला, आणि महाविद्यालयांत कोणी प्राध्यापकांनीं वाखाणलेला एक जुना इटालियन बोलपट लावला. बाकीचीं आम्ही पांगण्याच्या बेतांत होतों. मातोश्री मात्र आपल्या नेहमींच्या जागीं, भिंतीशीं पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांचें वय नव्वदीला टेकलेलें. दृष्टि अधू, कान मात्र तिखट.

थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "काय रे म्हणतोय तो ? एवढा का रडकुंडीला आलाय ?"

"पणजी, खालीं इंग्रजींत लिहून येतं. तें वाचायचं."

"मला इंग्रजी येत असतं तर तुझ्या पणजोबांची पत्रं पोस्टमास्तरांकडून वाचून घेतली नसती मी."

नातवानें आमच्याकडे पाहिलें. "आजोबा, तुम्हीच सांगा ना वाचून." आम्हीं चष्मा लावला आणि खालच्या ओळींचें मराठी करून मोठ्यानें सांगूं लागलों. दहा मिनिटांत आमचें कुटुंब पदराला हात पुशीत दाराशीं येऊन उभें राहिलें. मग धाकट्या सूनबाई आल्या. त्या दिवशीं भात खालीं लागला, आणि सासूसुनांपैकीं कोणीहि कोणाला दोष दिला नाहीं, ही आमच्या घरांतली नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पडद्याच्या पायथ्याशीं उमटणाऱ्या या ओळींविषयीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. कारण सुशिक्षित घरांतहि परभाषेच्या बोलपटांकडे पाठ फिरविली जाते ती मुख्यत्वें त्यांच्यामुळेंच. "पाहायचें कीं वाचायचें ?" असें विचारतात. ज्यांनीं संस्कृत नाटकें छापील प्रतींतून वाचलीं आहेत त्यांना ही सोय नवी नाहीं. शाकुंतलांत दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात, आणि सहाव्या अंकांतला कोळी मागधींत रडगाणें गातो. एकाच नाटकांत तीन तऱ्हेच्या बोली ऐकण्याची आपल्या पूर्वजांच्या कानांना संवय होती. पुढें ती संवय मोडली, म्हणून संपादक प्राकृत वाक्याच्या खालीं त्याची संस्कृत 'छाया' देऊं लागले. आम्हीं बोलपटाखालच्या ओळींनाहि छायाच म्हणतों, आणि आतां घरांत सर्वांच्या तोंडीं तोच शब्द बसला आहे.

पण छायेचा एक धोका आहे, आणि तो आम्हांस वर्गांत तीस वर्षें दिसत आला. परीक्षेच्या घाईंतला विद्यार्थी नुसती छाया वाचतो आणि वरचें प्राकृत तसेंच सोडून देतो. त्याला अर्थ कळतो, पण शकुंतलेचा आवाज त्याच्या कानीं कधीं पडत नाहीं. बोलपट पाहणाऱ्याचेंहि असेंच होतें. डोळे तळाशीं खिळले कीं वरचे चेहरे हुकतात. एकट्यानें पाहणाऱ्याला यांतून सुटका नाहीं. एकत्र कुटुंबाला मात्र आहे. एकानें वाचावें, इतरांनीं पाहावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं परभाषेंतला बोलपट ही खोलीचें दार लावून एकट्यानें पाहण्याची वस्तु नसून चारचौघांत, पोथी लावावी तशी लावण्याची वस्तु आहे.

ही कल्पनाहि कांहीं आमची नव्हे. मूकपटांच्या काळीं जपानांत पडद्याशेजारीं उभा राहून कथा सांगणारा, स्त्री-पुरुष-बालकांचीं भाषणें आवाज पालटून बोलणारा एक व्यवसायी असे. त्याला बेन्शी म्हणत. कित्येकदां प्रेक्षक नटांपेक्षां बेन्शीचें नांव पाहून चित्रपटगृहांत शिरत. अकिरा कुरोसावा हा जो जगद्विख्यात दिग्दर्शक पुढें झाला, त्याचा थोरला भाऊ बेन्शीच होता, आणि धाकट्या भावाला चित्रपटांची गोडी त्यानेंच लावली. १९३० नंतर बोलपट आले आणि ती विद्या बुडाली. आमच्या माजघरांत ती मराठी वेषानें परत आली आहे म्हणावयाचें !

वाचणाऱ्यासाठीं अनुभवाचे चार शब्द. बोलपट आदल्या दिवशीं एकदां स्वतः पाहून ठेवावा. नाहींतर पुराणिकानें अध्याय विसरावा तशी गत होते. प्रत्येक ओळीचें भाषांतर करीत बसूं नये. "या, बसा, चहा घ्या" हें चेहऱ्यांवरून कळतें. आवाज काढूं नयेत. हा प्रमाद आम्हीं पहिल्याच दिवशीं केला, आणि धाकटी नात हंसून हंसून लोळली. पात्रें गप्प असतील तेव्हां आपणहि गप्प बसावें, मग तें मौन कितीहि लांबो. आणि सर्वांत कठीण म्हणजे मास्तरकी करूं नये. "पाहा हं, आतां याचा अर्थ असा कीं" हें वाक्य आमच्या ओठांवर अजूनहि येतें. तें आम्हीं पाण्याच्या घोटाबरोबर गिळतों.

एक सुख मात्र यांत अनपेक्षित मिळालें. इंग्रजी छायेंत सगळींच माणसें एकमेकांना एकाच सर्वनामानें हांक मारतात. राजा आणि रंक, सासू आणि सून, सगळे एका रांगेंत. तेथें तूं, तुम्ही कीं आपण, हें मराठी वाचणाऱ्यालाच ठरवावें लागतें, आणि ठरवितांना त्या माणसांचें नातें त्याला नीट पाहावें लागतें. जपानी बोलपटांत पत्नी पतीला 'आनाता' म्हणून हांक मारते. इंग्रजींत त्याचें कांहीं तरी गोडगोड होऊन बसतें. आम्हीं 'अहो' म्हटलें, आणि आमच्या कुटुंबानें एकदम वळून पाहिलें.

आतां कोणते बोलपट पाहावेत हें सांगूं. यादी मोठी करतां येईल. आम्ही करणार नाहीं.

आरंभ आमच्यासारखाच 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन बोलपटानें करावा. व्हित्तोरियो दे सिका यानें तो १९४८ मध्यें काढला. कथारचनेंत मुख्य हात चेझारे झवात्तिनी याचा. अवघ्या दीड तासाचा. महायुद्धानंतरचें रोम शहर, कामधंदा नाहीं, एका गृहस्थाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, पण अट अशी कीं सायकल पाहिजे. सायकल आहे, ती गहाण पडलेली. ती सोडविण्यासाठीं बायको पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाणाच्या दुकानांत नेऊन ठेवते. तेथला नोकर तें बोचकें घेऊन फळ्यांवर वर वर चढत जातो. छपरापर्यंत असलींच बोचकीं रचलेलीं. येथें आम्ही कांहींच वाचलें नाहीं, वाचण्यासारखें कांहीं नव्हतेंच. मातोश्री म्हणाल्या, "अगं बाई, रुखवतांतल्या दिसतात." त्यांच्या पाटल्या आमच्या शिक्षणासाठीं अशाच एका दुकानांत गेल्या होत्या, आणि त्या परत आल्या नाहींत.

पहिल्याच दिवशीं सायकल चोरीस जाते. पुढें दुसरें कथानक म्हणून नाहींच. बाप आणि आठनऊ वर्षांचा मुलगा शहरभर ती शोधीत फिरतात, एवढेंच. हा मुलगा ब्रूनो पेट्रोलच्या पंपावर काम करतो. सायकलच्या पेडलाला गहाणांत पडलेला पोंचा बापाच्या आधीं त्याच्या ध्यानांत येतो. वाटेंत बाप त्रासून त्याच्या एक थोबाडींत देतो, आणि नंतर त्याला खाणावळींत घेऊन जातो. ज्यांनीं मुलांवर हात उगारला आहे आणि मग रात्रीं त्यांच्या अंगावरचें पांघरूण सारखें केलें आहे, त्यांना या प्रसंगाची फोड करून सांगावयास नको. शेवट आम्ही सांगत नाहीं. त्यांत मुलाचा हात आहे, इतकेंच ध्यानांत ठेवा.

यांतला बाप हा धंदेवाईक नट नव्हता, कारखान्यांतला कामगार होता. एक अमेरिकन निर्माता पैसे घालण्यास तयार होता, पण तेथला एक गाजलेला देखणा नट घ्यावा अशी त्याची अट होती. दे सिकानें ती मानली नाहीं. आपल्याकडे १९५२ मध्यें मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला त्यांत हा बोलपट दाखविला गेला. तो पाहून बिमल रॉय यांनीं १९५३ मध्यें 'दो बिघा जमीन' काढला. सत्यजित राय यांनीं तो त्याच्याहि आधीं, १९५० मध्यें लंडनला पाहिला होता, आणि 'पथेर पांचाली'ची वाट त्यांना तेथें सांपडली. म्हणजे ज्यांना आपण आपले म्हणून मिरवितों त्या बोलपटांचें आजोळ या परक्या घरांत आहे.

दुसरा बोलपट इराणचा, फारशी भाषेंतला : 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस', अब्बास किआरोस्तामी याचा, १९८७ चा. तासाभराहून थोडा अधिक; मुलांबरोबर पाहण्यास याच्यासारखा दुसरा नाहीं. कोकेर नांवाचें एक खेडें. शाळेंत मास्तर एका मुलाचा गृहपाठ फाडून टाकतात, कारण तो वहीत न लिहितां सुट्या कागदावर लिहिलेला आहे, आणि पुन्हां असें झालें तर शाळेंतून काढीन म्हणून दटावतात. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या अहमदच्या दप्तरांत चुकून त्याच मुलाची वही येते. ती वही संध्याकाळपर्यंत त्याला पोंचविलीच पाहिजे. मित्राचें घर डोंगरापलीकडच्या गांवांत. तें कोठें आहे ठाऊक नाहीं. आई म्हणते आधीं अभ्यास कर, पाव आण, बाळाला झोका दे. आजोबा तर नातवाला विड्या आणावयास पिटाळतात, आणि मग शेजाऱ्याला सांगतात कीं विड्या माझ्याजवळ आहेत, पोराला शिस्त लागावी म्हणून धाडला. आमच्या घरांतली दोन्हीं नातवंडें त्या वेळीं आमच्याकडे पाहूं लागलीं.

पण आमचें लक्ष आजोबांकडे नव्हतें, मास्तरांकडे होतें. एका पावसाळ्यांत, सातवीच्या वर्गांत, एका मुलानें संस्कृतचा पाठ गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून आणला होता. आम्हीं ती वही खिडकींतून बाहेर टाकली. तो कांहीं बोलला नाहीं. बाहेर गेला, चिखलांतून ती उचलून आणली, सदऱ्याला पुसली आणि जागेवर बसला. त्या घरांत दोघा भावांत मिळून एकच वही होती, हें आम्हांस वर्षाच्या शेवटीं दुसऱ्या मुलाकडून कळलें. तोंवर तें कुटुंब गांव सोडून गेलें होतें. तीस वर्षांत ही गोष्ट आम्हीं कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्रीं बोलपट संपल्यावर नातवंडांना सांगितली. नात म्हणाली, "मग तुम्ही त्याला वही कां नाहीं दिलीत ?" आम्हांस उत्तर आलें नाहीं.

त्या प्रदेशांत १९९० मध्यें मोठा भूकंप झाला. बोलपटांतलीं मुलें जिवंत आहेत कीं नाहींत हें पाहावयास किआरोस्तामी तिकडे गेला, आणि त्या शोधावरून त्यानें पुढें दुसरा बोलपट केला. तोहि चांगला आहे, पण मुलांना आधीं हा दाखवावा. याच देशांतला, माजिद माजिदी याचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' हा १९९७ चा बोलपटहि घरोघरीं आवडतो. बहीणभाऊ आणि बुटांचा एकच जोड, एवढाच मामला. तो वाचून दाखविण्याचीहि फारशी गरज पडली नाहीं.

कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) हा वडील मंडळींसाठीं. नगरपालिकेच्या कचेरींत तीस वर्षें शिक्के मारण्यांत घालविलेल्या एका अधिकाऱ्याला पोटाचा असाध्य रोग झाल्याचें कळतें. वस्तींतलें घाणीचें डबकें बुजवून तेथें मुलांसाठीं बाग करा म्हणून कांहीं बायका अर्ज घेऊन आलेल्या असतात, आणि त्यांना या मेजावरून त्या मेजावर धाडलें जात असतें. उरलेल्या दिवसांत तो तें एक काम करतो. टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यु' या कथेची प्रेरणा यामागें आहे. सुमारें अडीच तासांचा असल्यामुळें दोन दिवसांत विभागावा. घरांत त्या आजाराचें माणूस असेल तर मात्र विचार करून लावावा. आमच्या थोरल्या चिरंजीवांची नोकरी सरकारी आहे. ते दुसऱ्या दिवशीं नेहमींपेक्षां अर्धा तास आधीं कचेरीस गेले. तिसऱ्या दिवशीं पुन्हां नेहमींच्या वेळीं गेले, हेंहि खरेपणासाठीं नमूद करतों.

सगळेच प्रयोग साधले असें नाहीं. इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज्' (१९५७) आम्हांस स्वतःला अतिशय आवडला. एक वृद्ध प्राध्यापक सन्मान घेण्यासाठीं सुनेबरोबर मोटारीनें निघतो आणि वाटेंत त्याचें सगळें गतायुष्य त्याला भेटत जातें. पण त्यांतल्या कांटे नसलेल्या घड्याळाच्या स्वप्नापाशींच निम्में घर डुलक्या घेऊं लागलें, आणि उरलेलें निम्में "आतां खरें चाललें आहे कीं स्वप्न ?" असें विचारूं लागलें. तो एकट्यानें, रात्रीं पाहावा. वर आम्हीं सांगितलेल्या नियमाला हा अपवाद.

शेवटचा जो बोलपट सांगावयाचा त्याच्यासाठींच खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. 'टोकियो स्टोरी' हा यासुजिरो ओझू याचा, १९५३ चा जपानी बोलपट. २०१२ मध्यें 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानें जगभरच्या दिग्दर्शकांचीं मतें मागविलीं तेव्हां यानें पहिला क्रमांक मिळविला. ओझूनें लग्न केलें नाहीं, आईजवळ राहिला, आणि पोरांचा-आईबापांचा संसार त्याच्याइतका कोणाला कळला नाहीं. त्याचा कॅमेरा जमिनीलगत, खालीं बैठक मारलेल्या माणसाच्या उंचीवर असतो. मातोश्री म्हणाल्या, "आपण त्यांच्याच घरांत पाट मांडून बसलोंत जणूं."

ओनोमिचि नांवाच्या समुद्रकांठच्या गांवांतलें सत्तरीच्या घरांतलें एक जोडपें मुलांना भेटावयास राजधानींत जातें. थोरला डॉक्टर, थोरली मुलगी केशभूषेचें दुकान चालविणारी. म्हाताऱ्यांना जागा करावयाची म्हणून नातवाचें अभ्यासाचें मेज हलवितात आणि तो फुरंगटतो. रविवारीं शहर दाखविण्याचें ठरतें, तोंच डॉक्टरला रोग्याकडून बोलावणें येतें. जांवई चांगलीशी मिठाई आणतो, तर मुलगी म्हणते एवढी महाग कशाला. गिऱ्हाइकानें हे कोण म्हणून विचारलें तर ती सांगते, गांवाकडचे ओळखीचे. पुढें सगळीं मिळून त्यांना एका उष्ण झऱ्यांच्या गांवीं विश्रामगृहांत धाडतात; तेथें रात्रभर तरुण मंडळींचा गोंगाट. दोघें दुसऱ्याच दिवशीं परत येतात, तर घरांत रात्रीं मुलीच्या धंद्यांतल्या बायकांची बैठक ठरलेली. आतां निजावें कोठें ? म्हातारा एका जुन्या मित्राकडे जातो. म्हातारी जाते युद्धांत गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या विधवेकडे. नोरिको तिचें नांव. एका खोलींत राहणारी, कचेरींत काम करणारी ही सून. आदल्या भेटींत सासऱ्यासाठीं मद्य आणि पेला शेजारणीकडून मागून आणणारी. रक्ताचें नातें नसलेली हीच काय ती त्यांना मनापासून वेळ देते. नोरिकोच्या तोंडीं आम्हीं सासूसासऱ्यांसाठीं 'आपण' घातलें होतें, तें ऐकून धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "नाहीं बाबा, ती 'तुम्ही' म्हणेल. ती त्यांना भीत नाहीं." त्यांचें बरोबर होतें. तेव्हांपासून 'तुम्ही' वाचलें.

यांत कोणी दुष्ट नाहीं, हें या बोलपटाचें बळ. केशभूषेच्या दुकानांतल्या त्या मुलीला आमच्या घरांत पहिला अर्धा तास सगळ्यांनीं नांवें ठेवलीं. नंतर हळूहळू कोणी ठेवीना. मातोश्री म्हणाल्या, "वाईट नाहींय् ती. कामांत आहे."

परतीच्या वाटेवर म्हातारीची प्रकृति बिघडते आणि घरीं पोंचल्यावर ती जाते. तारा सुटतात. टोकियोहून निघतांना थोरलीं दोघें शोकाचे कपडे बरोबर घ्यावे कीं काय याची चर्चा करून ते घेतातच. ओसाकाच्या रेल्वेंत नोकरीस असलेला धाकटा मुलगा केइझो कामानिमित्त परगांवीं असतो; तो पोंचतो तेव्हां सगळें आटोपलेलें असतें. पुढें मंत्रपठण चाललें असतां तो मधूनच उठून बाहेर जाऊन बसतो. आंतला तो ठेका त्याला ऐकवत नाहीं.

येथें आमचा आवाज बसला. १९८६ च्या मार्चांत आमचे वडील कोंकणांत गांवीं आजारी पडले तेव्हां आम्ही देशावर नोकरीस होतों. तार आली ती शालान्त परीक्षेच्या दिवसांत. 'प्रकृति बिघडली, या' एवढाच मजकूर. पर्यवेक्षणाचें काम आमच्याकडे होतें, दोन पेपर राहिले होते. रजा मागितली असती तर मिळाली असती. आम्हीं मागितली नाहीं. दोन पेपर उरकून निघालों. अंगणांत पाय ठेवला तेव्हां धाकटे बंधु स्मशानांतून परत येऊन पडवींत बसले होते. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें आणि पाण्याचा तांब्या पुढें केला. या गोष्टीला चाळीस वर्षें होत आलीं. पण आमच्यांत आणि मातोश्रींत तिचा उल्लेख कधीं झाला नव्हता.

छायेच्या ओळी पडद्यावर येत होत्या आणि जात होत्या. वाचणारा कोणी नव्हता. मग सूनबाईंनीं न सांगतां पुढलें वाचन हातीं घेतलें. कोणी आमच्याकडे पाहिलें नाहीं. पुष्कळ वेळानें, पडद्याकडेच पाहत, मातोश्री हळूच म्हणाल्या,

"परीक्षा होत्या ना तेव्हां तुझ्या."

आम्ही "हो" म्हणालों.

मुलें टोकियोस परत जातात. नोरिको मागें राहते, आणि निघतांना म्हातारा तिला बायकोचें घड्याळ देतो. शाळेंत शिक्षिका असलेली अविवाहित धाकटी मुलगी तेवढी बापाजवळ. दिवसा ती कामावर. म्हातारा खिडकीशीं एकटा बसलेला. बाहेर समुद्रावरून एक होडी जाते. तेथें बोलपट संपतो. दिवे लावल्यावरहि मातोश्री जागच्या उठल्या नाहींत.

"ती धाकटी शाळेंतून किती वाजतां येते रे ?"

बोलपटांत ती वेळ आमच्या कोठें वाचनांत आली नव्हती. आम्हीं आमच्या शाळेची सांगितली.

"साडेपांचला येते, आई."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि उठण्यासाठीं हात पुढें केला.